अठरा पूर्ण झाल्यावर

मुलाला अठरा पूर्ण झाली, की बँकेतले त्याचे अज्ञानाचे खाते सज्ञानाचे होते आणि बँक त्याची सही मागते. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा बहुविकलांग मुलांच्या कितीतरी आईवडिलांना तिथेच पहिल्यांदा कळते, की कायद्याच्या लेखी आपण आता त्याचे पालक उरलो नाही. त्याला आजही घास भरवणाऱ्या आईला त्याच्या नावावरची ठेव मोडता येत नाही. सातबाऱ्यावर त्याच्या नावाशी असलेल्या ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) या शेऱ्यालाही आता आधार राहत नाही.

यावर उपाय आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला पालक नेमून देण्याचा अधिकार १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक समितीला दिला. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ही तिघांची समिती. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. (मनोविकाराला मात्र हा कायदा लागू नाही, ही त्यातली मोठी उणीव.) समितीच्या प्रमाणपत्रावर बँकांनी विसंबावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवले. तरी ‘कोर्टाचा आदेश आणा’ म्हणणारा शाखाधिकारी अजून भेटतो.

पण पालकत्वाचा कागद मिळाला म्हणजे पुढची सोय झाली, असे नव्हे. आपल्याकडे ती सोय बहुधा तोंडी असते. ‘दादा बघेल त्याचं’ एवढ्या भरवशावर घर, शेत, ठेवी सारे थोरल्याच्या नावावर होते. दादा वाईट नसतोही. पण त्याची नोकरी जाते, त्याला आजारपण येते, कधी तोच आधी जातो. व्यंग आहे म्हणून हिंदू वारसा कायदा कुणाचाही हिस्सा नाकारत नाही. तरीही हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून तो हिस्सा काढून घेतला जातो. नॉमिनी लावला की काम झाले, हाही भ्रमच. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक सहसा वारसच राहतात. विमा पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच स्पष्ट केले आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये.

म्हणून मृत्युपत्र हवेच. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. मालमत्ता थोडी मोठी असेल तर १८८२ च्या कायद्याखाली खासगी न्यास करावा आणि विश्वस्तांत एक तरी माणूस नात्याबाहेरचा घ्यावा. आमचे स्पष्ट मत आहे, की सांभाळणारा आणि हिशेब ठेवणारा एकच माणूस असू नये. बहिणीने भावाला सांभाळावे, पैशाच्या नाड्या दुसऱ्याकडे असाव्यात. त्यात बहिणीवर अविश्वास नाही. तिच्यावरचे ओझे आणि संशय दोन्ही त्याने टळतात.

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी आणखी एक काम हयातीतच उरकावे. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आजन्म मिळू शकते आणि त्याचे नाव पेन्शनच्या आदेशात आधीच नोंदवता येते. ते राहून गेले, तर आईवडिलांच्या पश्चात कार्यालयांच्या चकरा त्या मुलाच्या नशिबी येतात.

पालक नेमला म्हणजे तो मालक झाला, असेही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याला अभिप्रेत आहे ते मर्यादित पालकत्व, दिव्यांग व्यक्तीशी बोलून निर्णय घेणारे. कुठे राहायचे, कुणाजवळ राहायचे हे तिला विचारायला हवे. शब्दांनी जमले नाही तर खुणांनी, चित्रांनी. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. तो हिशेब कुणीतरी उघडून वाचलाही पाहिजे.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते काढले. या खात्याने प्रत्येक जिल्ह्यात समितीच्या बैठकीचा महिन्यातला दिवस ठरवून टाकावा, तालुक्याला अर्ज स्वीकारावेत आणि मुलाला सतरावे लागताच विशेष शाळेतूनच कागद तयार करून घ्यावेत. दाराशी उभे असलेले पालक साठीचे, सत्तरीचे आहेत. पुढची बैठक कधी, याची तारीख त्यांना फलकावर लिहिलेली दिसली पाहिजे.