विहिरीतली गार नेमकी कोणाची?

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग लागतं. तिथल्या शिवारात एखादी नवी विहीर खोदलेली दिसली, तर काठावरच्या दगडांच्या ढिगापाशी पाच मिनिटं थांबा. काळ्या दगडात छोट्या पोकळ्या दिसतील. एखादीत पांढरं, उन्हात चमकणारं काहीतरी असेल. मी मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गार हाय ती. टाक तिकडं."

टाकायला काहीच हरकत नव्हती. ढिगातली बहुतेक 'गार' खरंच कोणी विकत घेत नाही. पण महाराष्ट्राच्या याच काळ्या दगडातले निवडक स्फटिक अमेरिकेतल्या टक्सन शहरात दर फेब्रुवारीत भरणाऱ्या खनिजांच्या बाजारात काचेच्या कपाटात बसतात. मग प्रश्न पडतो, त्या पैशातला किती हिस्सा खोदणाऱ्यापर्यंत पोहोचतो?

आधी थोडं विज्ञान. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून गरम पाणी झिरपलं आणि त्यात विरघळलेली द्रव्यं या पोकळ्यांत साचून स्फटिक बनले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट गटातले. हिरवट किंवा पारदर्शक अपोफिलाइट त्यांच्या शेजारीच सापडतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. नाव कठीण वाटतं ना? कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून ते बनवलंय.

हा शौक नवा नाही. एकोणिसाव्या शतकात बोर घाटात रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडले, तेव्हा निघालेले स्फटिक ब्रिटनमधल्या संग्रहांत गेले. आज आपल्याकडे सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेलं 'गारगोटी' संग्रहालय आहे. नाशिकला गेलात तर वाट वाकडी करून बघाच.

आता मुद्द्याचं. शेत तुमचं, विहीर तुमची, खर्च तुमचा. म्हणून आतला स्फटिकही तुमचाच? कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, वेगळी तरतूद नसेल तर जमिनीतल्या खनिजांचा हक्क राज्य सरकारचा. दगड, खडी, मुरूम ही गौण खनिजं. त्यांचे नियम राज्य ठरवतं आणि स्वामित्वधन घेतं ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

गडबड इथेच आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की स्वामित्वधन हा कर नाही, खनिजाच्या हक्कापोटी दिलेला मोबदला आहे. मोबदला म्हटलं की किंमत आली. पण ब्रासच्या हिशेबात स्फटिकाचा दगड आणि क्रशरमध्ये जाणारा दगड एकच. संग्राहक मात्र नग बघतो: टोकं शाबूत आहेत का, रंग कसा आहे, खाली मूळ दगड आहे का. सरकार मोजतं आकारमान, बाजार मोजतो देखणेपण. या दोन मापांमधली तफावत मधल्या विक्रेत्याच्या हाती राहते. सुरुंगानंतर ढिगारा उपसणाऱ्याला मात्र रोजचीच मजुरी.

दुसरं नुकसान माहितीचं. स्फटिक कुठल्या गावचा, किती खोलीवरचा, हे लिहून ठेवलं नाही तर अभ्यासाच्या दृष्टीने तो अर्धा मुका होतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा मांडला. त्यातल्या 'भू-अवशेष' या व्याख्येत खनिजंही होती. मात्र सगळे अधिकार एकाच केंद्रीय यंत्रणेकडे जातील, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. तो रास्तच वाटतो. दिल्लीतून वळसंगची विहीर कशी दिसणार?

आणि वळसंगला विहिरीचा हक्क म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते, ते दलित समाजाने स्वतःच्या कष्टाने खोदलेल्या विहिरीसाठी.

मग करायचं काय? सगळ्या गारांवर बंदी आणून उपयोग नाही. बंदी आली की माल क्रशरमध्ये जाईल किंवा चोरून विकला जाईल. त्यापेक्षा खाणपट्ट्याच्या परवान्यात संग्राह्य स्फटिकांची वेगळी नोंद हवी, स्वामित्वधन नगाच्या विक्रीवर हवं आणि त्यात जमीनमालक व मजूर दोघांचा वाटा ठरलेला हवा. कागदपत्रं वाढतील, मान्य. पण निदान व्यवहार उघड होईल.

तोवर तुम्ही एक करू शकता. खाणीच्या कड्याखाली किंवा विहिरीत उतरू नका. काठावरच्या ढिगात काही वेगळं दिसलं तर मालकाला विचारून फोटो काढा आणि गाव, गट नंबर, खोली, तारीख लिहून ठेवा. सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, तिथे दाखवा.

मी मामांच्या ढिगाची नोंद केलीय. मामा हसले. मग स्वतःच म्हणाले, "खोली लिव्ह, चाळीस फूट."