कपाटातील वॉरंट

पकडवॉरंट जुने झाले म्हणजे निकामी झाले, असा समज चळवळीत फार दिवसांपासून रुजून बसला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी रास्ता रोकोत नाव आले, दोन-तीन तारखा पाळल्या, पुढे सुगीच्या धांदलीत एक तारीख चुकली आणि प्रकरण विस्मरणात गेले. आता कोण विचारतो? कायदा विचारतो. न्यायालयाने काढलेले वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा तेच न्यायालय ते रद्द करीपर्यंत अमलात राहते, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७० सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२ तेच सांगते. मुदतीचा कायदा येथे मदतीस येत नाही. ती मुदत न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्यापुरती आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही. ऊसदराचे आंदोलन येथे हंगामागून हंगाम होत आले आहे. शहरातील टोलविरोधी लढा वर्षानुवर्षे चालला, प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे त्याच्या अग्रभागी होते. टोल रद्द झाला तो डिसेंबर २०१५ मध्ये. अशा लढ्यांनंतर खटले मागे घेण्याच्या घोषणा होतात, टाळ्या पडतात आणि कार्यकर्ता निर्धास्त होतो. परंतु मंत्र्याच्या घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो, न्यायालयाने त्यास संमती द्यावी लागते. तोवर पूर्वी निघालेले वॉरंट ठाण्याच्या कपाटात पडून असते. नवे आंदोलन उभे राहू लागले, मंत्र्यांचा दौरा ठरला, की त्या कपाटाची किल्ली नेमकी सापडते.

म्हणून ज्याची तारीख चुकली असेल त्याने पोलिसांची वाट पाहत बसू नये. खटल्याचा क्रमांक शोधावा, वकील आणि जामीनदार बरोबर घ्यावा, त्याच न्यायालयापुढे स्वतः उभे राहून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा आणि गैरहजेरीचे खरे कारण कागदासह सांगावे. दंड होऊ शकतो, नवा जातमुचलका द्यावा लागू शकतो. पण आपण होऊन आलेला आणि पकडून आणलेला यांत न्यायालये फरक करतात. समन्स किंवा जामीनपात्र वॉरंटाने काम भागत असेल तर अजामीनपात्र वॉरंट काढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात बजावले आहे. वकिलाने ते दाखवून द्यावे. यात शरणागती नाही. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ पासून १९४६ पर्यंत भूमिगत राहिले ते परक्या सत्तेविरुद्ध प्रतिसरकार चालविण्यासाठी. रास्ता रोकोची तारीख चुकविणे म्हणजे भूमिगत होणे नव्हे!

आता दुसरे कपाट पाहावे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला कॉम्रेड गेले. तपास विशेष पथकाकडे होता, २०२२ मध्ये तो दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तपासावरील देखरेख थांबविली, तेव्हाही दोन आरोपी फरारीच होते. त्यांपैकी एक तर ऑक्टोबर २००९ च्या मडगाव स्फोटाच्या प्रकरणापासून राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवा होता. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण ठरविण्यासाठी आरोपी पिंजऱ्यात तर उभा राहिला पाहिजे. कोल्हापुरातील हत्येच्या पाच वर्षे आधीपासून जो माणूस हवा होता तो सापडत नाही, आणि बिंदू चौकात घोषणा देणारा कार्यकर्ता पहाटे घरात बरोबर सापडतो. पोलिसांची माणसे अपुरी आहेत हे कारण येथे कसे पुरेल?

फरारी घोषित करणे, मालमत्तेवर टाच आणणे ही हत्यारे कायद्यात पूर्वीही होती, आजही आहेत. त्या दोघांविरुद्ध ती कधी आणि किती वापरली, हे गृहखात्याने विधिमंडळात तारीखवार सांगावे. तालुका शाखांनीही आपल्या प्रलंबित खटल्यांची यादी पुढील हंगामाआधी पुरी करून वकिलांकडे द्यावी.