‘आमच्या काळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांसाठी



यंदा कोजागरीला मंडळात मसाला दूध पिताना एका ज्येष्ठांनी ठणकावून सांगितलं, “आपल्या आई-आज्यांना बायकांचे असले आजार नव्हतेच. ही सगळी हल्लीची थेरं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. ती माझी चूक. आज बोलतो.

चौतीस वर्षं बँकेत काढली. ग्राहक म्हणाला ‘माझ्या खात्यात इतके आहेत’, म्हणून तेवढे असतातच असं नाही, लेजर बघावं लागतं. शरीराच्या बाबतीत मात्र आपण तोंडी हिशोबावर सही ठोकतो.

आमची अक्का. २००९ साल, इथेच इंदूरला. लघवीला जळजळ म्हणून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवस?” खोलीत तिचा मुलगा, सून आणि मी. अक्का म्हणाली, “झाले आठ दिवस.” “बाकी काही त्रास?” “छे हो, काही नाही.” तेच कागदावर उतरलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच दुखणं. या वेळी बाई डॉक्टर होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि सरळ विचारलं, “आजी, अंग बाहेर येतं का?” मग अक्काने सगळं सांगितलं. १९७० साली, तिसऱ्या बाळंतपणानंतर सव्वा महिना व्हायच्या आत विहिरीचं पाणी ओढायला लागली, तेव्हापासून. एकोणचाळीस वर्षं! सणवार, पंगती, लग्नकार्यं सगळी त्या दुखण्यासकट उरकली. नवऱ्याजवळ जायची धास्ती वाटायची, हेही तिने पुढे माझ्या बायकोला सांगितलं. ऑपरेशन झालं. “आता नीट बसता येतं गं,” म्हणायची. अक्का आता नाही. “पोरींना सांगा,” असं तीच म्हणून गेली, म्हणून लिहितोय.

आता सांगा, अक्काची स्मरणशक्ती कच्ची होती का? तिला विहीरसुद्धा आठवत होती. कच्चा होता तो प्रश्न, आणि भलतीच होती ती खोली.

एकटी अक्काच असं समजू नका. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तक्रार सांगणाऱ्या शंभरात ५५, तपासल्यावर आजार निघाला शंभरात ९२ जणींना. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ म्हटलं की दुखणं तक्रारीच्या रकान्यात येतच नाही.

आणि पुरुषांनी हसू नये. ब्रिटनमध्ये २०१०-१२ च्या मोठ्या सर्वेक्षणात आयुष्यातले जोडीदार विचारले. पुरुषांची सरासरी आली १४, बायकांची ७. नावे आणि जमा जुळायला हवेत ना? अभ्यासकांनी खोदलं तेव्हा कळलं, पुरुष बरेचदा मोजत नाहीत, अंदाजे ठोकतात. शिवाय थोड्या जणांचे आकडे अवाच्या सवा. म्हणजे लाजेने आकडा खाली येतो, तसा बेहिशेबीपणाने वर जातो.

माझंही सांगतो. मधुमेहानंतर डॉक्टरांनी विचारलं, “वैवाहिक जीवनात काही अडचण?” बायको शेजारी बसलेली. मी म्हटलं, “छे, छे.” साफ खोटं. दोन वर्षांनी छातीत स्टेंट बसला. ती अडचण कधीकधी रक्तवाहिन्यांच्या बिघाडाची आगाऊ सूचना असते, हे तेव्हा कळलं.

म्हणून मंडळाच्या आरोग्य शिबिरासाठी माझं भांडण आहे. सभागृहातल्या टेबलावर, नवऱ्याच्या हाताने भरलेला फॉर्म बंद करा. वेगळी खोली द्या. बाईला बाईने विचारावं. ‘काही त्रास?’ असं मोघम नको, एकेका दुखण्याचं नाव घेऊन विचारा. ‘कधीपासून?’चं उत्तर येत नसेल तर ‘कुठल्या बाळंतपणानंतर?’ विचारा, बायकांची वही तिथे पक्की असते. आणि पुरुषांनाही एकटं बसवा.

‘आमच्या काळी नव्हतं’ म्हणणाऱ्या काकांना एवढंच सांगतो: काका, होतं. तुम्ही खोलीत होतात म्हणून कुणी बोललं नाही.