एका घासाची उजळणी

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि त्याआधीचे दोन महिने विज्ञान शाखेची मुले असलेल्या घराघरांत एकच दृश्य दिसते. समोर जीवशास्त्राचे पुस्तक, हातात पिवळा हायलायटर आणि ओठांवर सायट्रेट, आयसोसायट्रेट, सक्सिनेट अशी न संपणारी नावे. प्रतिशिर्डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मावळातल्या शिरगावातही चित्र वेगळे नसते. तळेगाव किंवा पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजात जाणारी मुले क्लास आटोपून अंधार पडल्यावर सोमाटणे फाट्यावर उतरतात, घरी येतात आणि जेवण उरकून उजळणीला बसतात. मेहनतीत ती कुठेच कमी पडत नाहीत. प्रश्न आहे तो ही मेहनत कशी खर्च होते याचा.

जीवशास्त्रातले सर्वांत अवघड म्हणून बदनाम झालेले दोन भाग म्हणजे जीवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र. राज्य मंडळाच्या सध्याच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची विभागणी दोन वर्षांत झाली आहे. जैवरेणू, पेशीतील श्वसन, पोषण आणि उत्सर्जन हे अकरावीत. फुप्फुसांचे श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था आणि संप्रेरके हे बारावीत. बोर्डाची ७० गुणांची लेखी परीक्षा बारावीच्या पुस्तकावर होते, म्हणून अकरावीचे पुस्तक माळ्यावर जाते. मे महिन्यातल्या ‘नीट’साठी ते पुन्हा खाली येते, कारण तिथे दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो, ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राला असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. मधल्या काळात दोन्ही भागांमधला धागा तुटलेला असतो. शरीराने मात्र अशी विभागणी कधीच केलेली नाही. पेशीतली रासायनिक क्रिया आणि छातीतला श्वास हे तिथे एकाच कामाचे दोन टप्पे आहेत.

धागा तुटला की उरते ती घोकंपट्टी. तिची सर्वांत मोठी फसवणूक अशी की ती करताना सगळे येते असे वाटते. तिसऱ्यांदा वाचलेले पान ओळखीचे वाटते आणि ओळखीलाच मन आठवण समजते. अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये हा फरक मोजून दाखवला. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले. तर काही उतारे एकदाच वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यांतले ८१ टक्के आठवले आणि लिहून काढलेल्यांतले ७५ टक्के. आठवड्यानंतर आकडे उलटले. दोनदा वाचलेले ४२ टक्क्यांवर घसरले, लिहून काढलेले ५६ टक्क्यांवर टिकले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, आठवड्यांनी आणि महिन्यांनी असते. म्हणून उजळणी म्हणजे पुस्तक पुन्हा वाचणे नव्हे, तर पुस्तक मिटून ते पुन्हा उभे करणे.

ते उभे करायचे कसे? मावळातल्या घरात त्यासाठीचे उत्तम साधन रोज ताटात असते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणी तांदळाचा भात. कोऱ्या कागदावर वरच्या टोकाला ‘भाताचा घास’ आणि खालच्या टोकाला ‘बाहेर पडणारा श्वास’ एवढेच लिहावे आणि मधली वाट पुस्तकाशिवाय भरत जावी.

घासातला स्टार्च तोंडात लाळेतल्या अमायलेज या विकराने तुटू लागतो. म्हणूनच भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो. जठरातल्या आम्लात हे विकर थांबते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज काम हाती घेते, आतड्याच्या भित्तिकेवरचे माल्टेज शेवटचा दुवा तोडते आणि ग्लुकोज रक्तात शिरते. रक्तातली साखर वाढताच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. काही ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, काही पेशींत जळणासाठी जाते. तिथे त्याचे दोन पायरुव्हेट होतात, ते तंतुकणिकेत शिरतात आणि मग मुलांना ज्याची धास्ती असते ते क्रेब्ज चक्र सुरू होते.

इथेही पाठांतरापेक्षा हिशेब सोपा आहे. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. पायरुव्हेट होईपर्यंत एकही बाहेर पडत नाही, अ‍ॅसिटिल को-ए होताना दोन जातात, क्रेब्ज चक्रात चार. सहाचा हिशेब पुरा. एटीपीचेही तसेच. १० एनएडीएच प्रत्येकी तीन धरले तर ३०, दोन एफएडीएच-टू प्रत्येकी दोन धरले तर चार, आणि थेट तयार झालेले चार, बेरीज ३८. नव्या मोजणीनुसार एनएडीएचपासून तीनऐवजी सुमारे अडीच आणि एफएडीएच-टूपासून दोनऐवजी सुमारे दीडच एटीपी मिळतात, म्हणून आता ३० ते ३२ हा आकडा दिला जातो. उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकातला आकडा लिहावा. पण तो कसा येतो हे ज्याला ठाऊक आहे, तो दुसरा आकडा पाहून गोंधळत नाही.

साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जात ऑक्सिजनपाशी पोहोचतात आणि पाणी तयार होते. या वाहकांच्या यादीत सायटोक्रोम सी हे नाव मुले घोकतात. वनस्पतींच्या ऊतींमध्ये ते असते हे दाखवणाऱ्या संशोधक मराठी होत्या. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ मध्ये त्यांना केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी तो मिळवला, केंब्रिजला जाऊन बटाट्यावर हे काम केले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. यादीतले कोरडे नाव असे माणसाशी जोडले गेले की सहसा विसरत नाही.

आता अकरावी आणि बारावी जिथे मिळतात त्या सांध्यावर यावे. क्रेब्ज चक्रात सुटलेला कार्बन डायऑक्साइड नाकापर्यंत येतो कसा? त्यातला सुमारे ७० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात, २३ टक्के हिमोग्लोबिनला चिकटून आणि सात टक्के रक्तद्रवात विरघळून. आणि श्वास रोखून धरला तर काही वेळाने तो घ्यावाच लागतो, तो कशामुळे? बहुतेक मुले ‘ऑक्सिजन संपला म्हणून’ असे सांगतात. खरे कारण रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड आणि त्यामुळे वाढणारी आम्लता. मेंदूतले श्वसनकेंद्र मुख्यतः त्यांनाच प्रतिसाद देते. परीक्षेत गुण कापले जातात ते अशा सांध्यांवर आणि समज दिसते तीही तिथेच.

ऐकीव उत्तरावर न थांबता तपासून पाहण्याची ही शिस्त मावळाला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले, ते योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्यासाठी. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून पाहिले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. श्रद्धेचा विषय असलेल्या गोष्टीलाही ‘मोजून दाखवा’ म्हणणारे शरीरक्रियाशास्त्र याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी रुजले. आपल्याला काय येते याबाबत विद्यार्थ्याने स्वतःच्या समजुतीवर विसंबू नये, ते कोऱ्या कागदावर तपासावे, ही त्याच शिस्तीची छोटी आवृत्ती आहे.

घोकंपट्टी मुलांना आळसामुळे जवळची वाटत नाही, हेही ओळखले पाहिजे. दहावीपर्यंत ज्यांनी विज्ञान मराठीतून शिकले, त्यांच्यासमोर अकरावीत सगळा विषय इंग्रजीतून येतो. विकराचे एन्झाइम होते, यकृताचे लिव्हर, मूत्रपिंडाचे किडनी. भाषा आणि आशय एकाच वेळी अनोळखी झाले की मूल आशय सोडून शब्दांना चिकटते, कारण तेवढेच हाताशी असते. त्यावर उपाय कठीण नाही. आधी संपूर्ण वाट मराठीत सांगावी, आईला, भावाला, बसमधल्या मित्राला. जिथे जीभ अडखळते तिथे समज अडखळलेली असते. ती जागा पुस्तकात पाहून दुरुस्त करावी आणि मगच इंग्रजी संज्ञा बसवाव्यात. समजलेल्या गोष्टीला नाव देणे सोपे असते. नाव पाठ करून त्यामागची गोष्ट शोधणे अवघड जाते.

पाठांतर पूर्णपणे टाळता येणार नाही. संप्रेरकांची नावे, विकरे कुठे स्रवतात, क्रेब्ज चक्रातला क्रम हे लक्षात ठेवावेच लागते. पण तेही एका रात्रीत दहा वेळा वाचण्यापेक्षा आज, तीन दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात कोऱ्या कागदावर उतरवले तर अधिक टिकते. त्यात झोपेचा वाटा मोठा आहे. दिवसभर शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. पहाटे तीनपर्यंत जागून केलेली उजळणी हे पक्के करण्याचे कामच हिरावून घेते. परीक्षेच्या काळात घरातला टीव्ही लवकर बंद करणे आणि मुलाला वेळेवर झोपू देणे ही पालकांच्या हातातली खरी मदत आहे.

बाकीची जबाबदारी कॉलेजांची. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटे पुस्तक मिटवून, गुण न देता, कालचे आठवून लिहायला द्यावीत. बारावीचे रक्ताभिसरण शिकवताना अकरावीच्या पेशीश्वसनाला जोडणारा एक तरी प्रश्न विचारावा. वर्गात मराठीतून समजावून सांगण्याला कमीपणा मानू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. अभ्यासक्रम पुरा करायची घाई आहे, वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतील. पण शिकवलेले आठवड्यात निम्म्याहून अधिक विसरले जात असेल, तर अभ्यासक्रम पुरा झाला असे म्हणायचे तरी कशाच्या जोरावर?

या विषयाचा उपयोग गुणपत्रिकेवर संपत नाही. यातली काही मुले डॉक्टर होतील, काही परिचारिका, काही प्रयोगशाळेत तंत्रज्ञ; बरीचशी यांपैकी काहीच होणार नाहीत. पण मधुमेह असलेल्या आजीचा रिपोर्ट घरात आला की तो वाचायला त्यांच्याच हाती दिला जाईल. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, हे ज्या मुलीला उमगले आहे, ती आजीला सांगू शकेल, की तपासणीच्या आदल्या दिवशी भात सोडून एचबीए१सीचा आकडा खाली येत नाही. तो मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. त्या दिवशी तिला परीक्षेत किती गुण पडले होते हे कोणी विचारणार नाही. बारावीत केलेली उजळणी तोवर टिकली आहे का, एवढेच महत्त्वाचे ठरेल.