हप्ता लहान करा!

सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असतो, "स्पीड किती पाहिजे?" चढ किती चढायचाय, असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सायकल घेणारा प्रत्येक जण शर्यतीलाच निघालाय, अशी या मंडळींची ठाम समजूत!

मी शर्यतीला नव्हे, वाईहून पाचगणीला निघालो होतो. मागे दोन पिशव्या, त्यांत सौभाग्यवतींनी दिलेला फराळ, आणि पुढे बँकेच्या खुर्चीत वीस वर्षं साठवलेली माझी मुदत ठेव, म्हणजे पोट. पसरणीचा घाट निम्मा झाला आणि गुडघ्यांनी संप पुकारला. हलक्यात हलका गिअर म्हणजे पुढे २८ दाते, मागे २८. पायडलचा एक फेरा की चाकाचा एक फेरा, सव्वादोन मीटरला थोडं कमी. उरलेला घाट मी पाहुणीला पाचगणी दाखवायला न्यावी तशी सायकल हाताला धरून नेली.

परतल्यावर मागे ३४ दात्यांचं फ्रीव्हील मागितलं. दुकानदार हसला. शेजारचा एक तरणाबांड म्हणाला, "काका, हे म्हातारपणाचे गिअर!"

बी.कॉम. झालेल्याला हिशेब शिकवता? अहो, घाटाची उंची हे मुद्दल. ते कुणालाच चुकत नाही. गिअर म्हणजे हप्ता. मागे ३४ दाते लावले की एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच सरकते आणि पायावरचा भार सुमारे साडेसतरा टक्क्यांनी उतरतो. फेरे वाढतात, वेळ लागतो. लागू दे! बँकेत मुदत वाढली की व्याज वाढतं. घाट एक पैसा व्याज लावत नाही. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी सहा किलोमीटर पडतात. ढकलणारा याहून वेगात जातो थोडाच?

हा ताठा जुनाच आहे म्हणा. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनाही गिअर बदलणं हे दुबळेपणाचंच लक्षण वाटे. डिरेलरला त्या शर्यतीत शिरायला १९३७ साल उजाडलं. आज तिथले पहिलवानसुद्धा डोंगरात बिनदिक्कत हलके गिअर लावतात. लाज तेवढी आमच्या पेठेत उरली आहे!

शेवटी फ्रीव्हील बदललं, चेन थोडी लांब केली, एवढे दाते पेलणारा डिरेलर बसवला आणि पसरणी न उतरता चढलो. दुकानदारांनो, गिऱ्हाइकाच्या गुडघ्यांची ऐपत बघून हप्ता बांधा. बाकी सगळं तारण सोडवता येतं. गुडघा एकदा जप्त झाला की कुठल्याच लिलावात परत मिळत नाही.