राहिले कोण?

गोवर आणि रुबेला २०२३पर्यंत देशातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट हुकले आणि मुदत २०२६पर्यंत वाढली. एप्रिल २०२५मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री जगत प्रकाश नड्डा यांनी त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सरकारी आकडेवारीनुसार २०२४-२५मध्ये गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस ९३.७ टक्के, तर दुसरा ९२.२ टक्के बालकांना मिळाला. दोन्ही डोस किमान ९५ टक्के बालकांना मिळायला हवेत. अंतर किरकोळ दिसते, पण उरलेले काम झालेल्या कामाहून अवघड आहे. ते जुन्याच पद्धतीने रेटले, तर हीही मुदत हुकेल.

गोवरापुढे राष्ट्रीय सरासरीला अर्थ नसतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एका रुग्णाकडून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. लशीवाचून राहिलेली बालके देशभर विखुरलेली असती, तर भोवतालच्या लसवंतांनी त्यांना सांभाळले असते. पण ती एकाच वस्तीत, एकाच पाड्यावर, एकाच वीटभट्टीवर असतात. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत, तसेच भिवंडी आणि मालेगावातही गोवराने डोके वर काढले. नामांकित रुग्णालयांच्या महानगरात बालके दगावली.

ही बालके राहतात कशी? पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांचा, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांचा. नेमक्या याच वयात बीडच्या ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि सहा-सहा महिने साखर कारखान्याच्या परिसरातील कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. गावच्या यादीत ते ‘स्थलांतरित’ असते, कारखान्याकडच्या यादीत ते नसतेच. त्यात या लशीची कुपी अनेक डोसांची. ती उघडल्यावर चार तासांत वापरावी लागते. एकाच बालकासाठी ती फोडली तर डोस वाया जातात आणि त्याचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल, या धास्तीने आरोग्यसेविकेचा हात अडखळू शकतो. मग ‘पुढच्या सत्राला या’ असे ऐकून परतलेली, रोजंदारी बुडवून आलेली आई पुन्हा येईलच याची खात्री नाही.

उपाय अज्ञात नाहीत. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पोलिओशी लढताना वीटभट्ट्या, भटक्यांचे तळ आणि बांधकामांवरच्या झोपड्यांच्या वेगळ्या याद्या झाल्या, रेल्वे स्थानकांवर पथके उभी राहिली. जानेवारी २०११नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही. तोच काटेकोरपणा इथे हवा. गाळप हंगामात कारखान्यांवर सत्रे व्हावीत, शहरी वस्त्यांत ती संध्याकाळीही व्हावीत. एका बालकासाठीही कुपी उघडण्याचे लेखी आदेश असावेत. ‘यू-विन’ या सरकारी लसीकरण पोर्टलवरची नोंद बालक जाईल तिथल्या आरोग्यसेविकेने पाहावी. आणि घरोघरी फिरणाऱ्या आशा सेविकांना कामावर आधारित तुटपुंज्या मोबदल्याऐवजी निश्चित वेतन मिळावे.

मुदत पुढे ढकलण्याची किंमत मंत्रालये मोजत नाहीत. ती गोवरानंतर न्यूमोनियाने तडफडणारे मूल मोजते. गरोदरपणात आईला झालेल्या रुबेलामुळे मोतीबिंदू, बहिरेपण किंवा हृदयदोष घेऊन जन्मणारे बाळ मोजते. उद्दिष्ट अजूनही गाठता येईल. मात्र आढावा बैठकीत ‘किती डोस दिले’ याआधी ‘कोण राहिले आणि का’ हे विचारले गेले पाहिजे, आणि उत्तर नावानिशी मिळाले पाहिजे.