गाडी कोणाची?

2024 च्या दिवाळीत मी गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, मागे डिकी असलेली, नवी कोरी. संघटनेच्या बैठकीत हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला. एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आता तू एस.टी.चं वेळापत्रक विसरणार!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना मनात आले, आमच्याबरोबर काम करणाऱ्या पुरुष कार्यकर्त्यांनी गेल्या दहा वर्षांत किती मोटारसायकली बदलल्या, त्याची बैठकीत कधी चर्चा झालेली नाही. त्यांची मोटारसायकल ही कामाची गरज आणि बाईने घेतलेली गाडी ही चैन, असे आपणही मनात धरून बसलो आहोत.

बाहेरच्यांचे तर विचारूच नका. कर्जाचा अर्ज माझा, पगार माझा, तरी दुसरी सही कोणाची हा प्रश्न तीनदा विचारला गेला. किल्ली हातात देतानाच्या फोटोसाठी माझ्या भावाला पुढे ओढले. त्या बिचाऱ्याला गाडी चालवताच येत नाही!

या गाडीच्या आकाराचीही एक गंमत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क कमी झाले. मग कंपन्यांनी लांब गाड्यांची शेपटी कापायला सुरुवात केली. 2008 साली इंडिगो सीएस आली, 2012 साली डिझायर चार मीटरच्या आत बसवली गेली. डिकी आखूड असण्याचे कारण दिल्लीतल्या करात आहे. (सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, माझ्या गाडीला वर्ष व्हायच्या आत! असो.) आखूड असली तरी तिच्यात दोन सतरंज्या, ढोलकी, पोस्टरचा गठ्ठा आणि पाण्याचा कॅन मावतो.

माझी उंची पाच फूट. क्लच पुरता दाबायचा तर सीट इतकी पुढे घ्यावी लागते की स्टिअरिंग छातीशी येते. सीट वर-खाली करायची सोय माझ्या मॉडेलात नाही, ती जास्त किमतीच्या मॉडेलात आहे. म्हणून आईची जुनी गोधडी चौघडी करून खाली घेतली आहे. पट्टा गळ्याला घासतो. टकरीच्या चाचण्यांत गाडीत बसवायचे पुतळे वर्षानुवर्षे सरासरी पुरुषाच्या मापाचे होते, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही.

पण खरे सांगू? गाडी चालवायला मला फार आवडते. पहाटे चंद्रपूर सोडून लोहारा ओलांडला की दोन्ही बाजूंना जंगल लागते. चौथ्या गिअरमध्ये गाडी एका सुरात चालते आणि आत मी एकटी. ना कोणाचा फोन, ना कोणाचा चहा. इतक्या वर्षांत असा एकटीचा तास माझ्या वाट्याला आला नव्हता.

मार्च-एप्रिलमध्ये याच रस्त्याने अंधारातच बाया टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला निघालेल्या दिसतात. मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे गेली आहेत. सरपणाला, तेंदूला, मोहाला गेलेल्या बाया त्यांत आहेत. मी काच वर करून, हेडलाइट लावून त्यांच्या बाजूने जाते. एकदा मी काच खाली केली. त्याने काय झाले? काहीच नाही. तेव्हापासून तिथे वेग मात्र कमी ठेवते.

गडचिरोलीच्या पुढे गाडीची परीक्षा सुरू होते. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, त्यांच्यामागे लाल धूळ. काचेवर पाणी मारावे तर चिखल. एटापल्लीकडच्या आतल्या वाटांवर गाडीचे पोट जमिनीला लागते. गॅरेजवाल्याने बजावले आहे, "ताई, चेंबर फुटला का इंजिन गेलं समजा." म्हणून नाल्यापाशी गाडी लावायची आणि पुढे पायी, पूर्वीसारखेच.

वैनगंगेच्या पुलापाशी कधी तपासणी असते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बंदीसाठी 2010 च्या डिसेंबरात बाया चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या होत्या. ती बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. त्यामुळे नदीच्या अलीकडे दुकाने, पलीकडे बंदी, आणि मधून जाणाऱ्या प्रत्येक डिकीवर संशय. तो योग्यच आहे, माझीही तपासा. माझ्या डिकीतून ढोलकी आणि कायद्याच्या पुस्तिका निघाल्या. ती बंद करताना सभ्यपणे विचारणा झाली, "साहेब कुठे आहेत?" गावात हाच प्रश्न म्हाताऱ्या वेगळ्या शब्दांत विचारतात, "डायवर कुठी गेला जी?" एकीने तर वाकून मागच्या सीटवर पाहिले.

आता एक प्रसंग सांगते. गावाचे नाव देत नाही. 2025 च्या पावसाळ्याआधीची गोष्ट. पूर्वी मी तिथली दुपारची शेवटची एस.टी. पकडायची, म्हणजे तीन वाजताच माझा जीव बैठकीतून उठलेला असायचा. बायांना शेतातून मोकळीक मिळते ती सहानंतर. म्हणजे इतकी वर्षे मी त्यांना त्यांच्या गैरसोयीच्या वेळी भेटत होते! त्या दिवशी सात वाजले. सगळ्या गेल्या, एक मागे राहिली. पदराने गाल झाकलेला, कडेवर पोर. "ताई, माहेरी सोडता का?" माहेर चाळीस किलोमीटरवर. एस.टी.ने आले असते तर मी तिला उद्याचे काहीतरी सांगितले असते आणि उद्या तिची हिंमत टिकली असती की नाही, कोण जाणे. ती मागे बसायला गेली, मी तिला पुढे बसवले. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. माहेरच्या फाट्यावर उतरताना एवढेच विचारले, "हे शिकाले किती दिवस लागते जी?"

आठ दिवसांनी त्या गावात बोलले जाऊ लागले, गाडीवाली बाई बाया पळवते. दोन बैठका रिकाम्या गेल्या. पायी येणाऱ्या ताईवर हा आरोप कधी झाला नव्हता. तिसऱ्या वेळी मी गाडी फाट्यावर ठेवून चालत गेले. हे चुकले असे आता वाटते. लपवण्यासारखे काय होते? ती अजून माहेरी आहे, तिचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेला आहे.

मग प्रत्येक कार्यकर्तीने गाडी घ्यावी, असे मी म्हणते का? नाही. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे, हे चांगलेच झाले. पण संध्याकाळी गाडीच येत नसेल तर अर्धे तिकीट कशाचे काढायचे? सहानंतरच्या फेरीसाठी मी पूर्वी दर दोन-तीन महिन्यांनी आगारात अर्ज घेऊन जायची. गाडी आल्यापासून एकदाही गेलेले नाही. माझी अडचण संपली आणि माझी मागणी थंड पडली. बैठकीतल्या हसण्यापेक्षा मला हे जास्त लागले आहे.

त्या बाईचा प्रश्नही डोक्यातून गेला नाही. प्रवासी आणि मालवाहू वाहनांच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये निघाली. त्याच वर्षी एस.टी. महामंडळाने यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणींना चालक म्हणून शिकवायला घेतले. जून 2023 मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर बस चालवली, एस.टी.च्या पहिल्या महिला चालक म्हणून. आत्राम हे आडनाव आमच्याकडे गावोगाव आहे. बैठकीत ही बातमी सांगितली की कोणीतरी हमखास विचारते, "आपल्यातलीच का?"

सध्या दर रविवारी बचतगटातल्या दोघी माझ्या गाडीवर शिकतात. शिकाऊ परवाने काढले, पुढे-मागे लाल 'एल' चिकटवला, मी बाजूला बसते. एकीच्या नवऱ्याने विचारले, "शिकून काय करन, गाडी कुठी आहे?" प्रश्न खोटा नाही. डाव्या दाराला सागाच्या खोडाची खूण उमटली आहे आणि कर्जाचे हप्ते अजून काही वर्षे आहेत. संघटनेत वाद चालू आहे: पेट्रोल कोणी भरायचे, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, आणि मुळात गाडी माझी की कामाची. माझे अजून ठरत नाही. मला ती माझीही हवी आहे. एखाद्या दुपारी एकटीने मोहर्लीच्या रस्त्याला जाऊन टपरीवर चहा प्यावा, कोणाला न सांगता, एवढ्यासाठीही. हे लिहिताना हात अडखळतो, तरी लिहिते.

तुमच्या गटात वाहन आहे का, कोणाच्या नावावर आहे, चालवते कोण आणि पेट्रोलचा हिशोब कसा ठेवता? पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. आमची बैठक त्याआधी होईलसे दिसत नाही.